चिपर घेताय? आधी फांदी मोजा, आणि मशीनचं तोंड कापायला देऊ नका

गारगोटी (प्रतिनिधी) : वळीव पडायच्या आत बांधावरची झाडं छाटायची घाई सगळीकडं सुरू असते. उसावर सावली नको, तारेला फांदी लागायला नको आणि पावसाळ्यात गोठ्यावर काही कोसळायला नको. छाटणीला दोन दिवस लागतात, पण खाली पडलेला ढीग दोन महिने हलत नाही. शेवटी कोणीतरी काडी लावतो आणि शेजारच्या उसाची कड होरपळते. म्हणूनच आता बरेच जण छोट्या वुड चिपरची चौकशी करायला लागलेत. झाडतोडीची कामं घेणारी पोरंही विचारतात, "दादा, किती एचपीचं घेऊ?"

प्रश्न इथंच चुकतो. आधी एचपी बघायची नाही, फांदी बघायची.

आपल्याकडं मनगटापेक्षा जाड लाकूड कोण बारीक करणार? ते चुलीला नाहीतर पाण्याच्या बंबाला जातं. मागं राहतात ते शेंडे, डहाळ्या आणि पाल्यासकट वाकड्या फांद्या. बांधावरच्या ढिगाला टेप लावून बघा, अंगठ्यापासून दीड-दोन इंचापर्यंतचाच माल जास्त निघेल. त्यासाठी चार इंची मशीन लागत नाही. अडचण जाडीची नसते, पसाऱ्याची असते. फांदी दीड इंचाची आणि तिचे फाटे चार फुटांचे! ती आत सरकायची कशी, यावर मशीन चालतं की वैताग देतं ते ठरतं.

मी स्वतः यात फसलोय. कागदावर 'चार इंचापर्यंत' लिहिलेलं साडेसहा एचपीचं मशीन घेतलं. अडीच इंची वाळलेली बाभूळ घातली की इंजिन गप्प. विकणारा खोटं बोलला असंही म्हणता येत नाही, तोंड चार इंचाचंच होतं. पण चार इंच तोंडात जाणं वेगळं आणि चार इंच कापणं वेगळं. माझा आताचा हिशेब असा : पाच ते सात एचपी पेट्रोल इंजिनला ओली दीड-दोन इंची फांदी सुखानं जाते, तीन इंच रोज कापायचं असेल तर दहा-तेरा एचपी हवी. दोन-तीन एचपीच्या सिंगल फेज मोटरवर पाला आणि करंगळीएवढ्या काड्या बारीक होतात, त्यापुढं व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुणगुणते. घरात ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर चालणारं मशीन सगळ्यात चांगलं. मात्र पीटीओचा वेग ५४० फेरे आणि चिपरला त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून गिअरबॉक्स किंवा पुलीनं वेग वाढवलेलंच घ्या, आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकू नका.

मशीनचे दोन प्रकार लक्षात ठेवायचे. एकात जड चकतीवर किंवा ड्रमवर धारदार पाती असतात, ती फांदीच्या ढलप्या पाडतात. हा खरा चिपर. दुसऱ्यात लोंबते हातोडे असतात, ते माल ठेचून चुरा करतात. त्याला श्रेडर म्हणतात. सुबाभूळ, गिरीपुष्प, आंबा, कडुलिंब यांच्या फांद्यांना पात्याचं मशीन बरं. नारळाच्या झावळ्या, केळीचं खुंट, उसाचं पाचट असला दोऱ्यादोऱ्यांचा माल चकतीच्या शाफ्टला गुंडाळतो, त्याला हातोड्याचं मशीन लागतं. दोन्ही असलेली मशीनं मिळतात, पण वरचं तोंड आणि बाजूचं तोंड कशासाठी आहे ते विचारून घ्या. आणि हो, गोठ्यातल्या कडबाकुट्टीत फांद्या घालायचा प्रयोग करू नका. तिचे दाते आणि पात्याचे बोल्ट वैरणीसाठी केलेले असतात.

बदल कुठले करायचे

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हाताशी असल्यामुळं मशीन घेतलं की 'जरा बदलून घेऊ' हे आलंच. लेथवाला, फौंड्रीवाला, वेल्डिंगवाला सगळे ओळखीचे. बदल जरूर करा, पण आकडेमोड करून करा.

पहिला मुद्दा पुलीचा. समजा, मशीन १४४० फेऱ्यांच्या मोटरवर बसवलेलं आहे. मोटरला ६ इंची पुली, चकतीला ४ इंची. १४४० ला ६ ने गुणून ४ ने भागा, चकतीचे फेरे येतात २१६०. आता लाईटची कटकट नको म्हणून कुणी मोटर काढून ३६०० फेऱ्यांचं पेट्रोल इंजिन बसवलं आणि पुल्या त्याच ठेवल्या, तर चकती जाते ५४०० वर. वेग अडीचपट झाला असं वाटतं, पण पातं बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे सव्वासहा पट. एक बोल्ट सुटला तर पत्रा फाडून पातं बाहेर येईल. तिथं इंजिनला साडेचार आणि चकतीला साडेसात इंची पुली लावली की पुन्हा बरोबर २१६० फेरे मिळतात. मशीनच्या प्लेटवर जास्तीत जास्त किती फेरे लिहिलेत ते बघा, आणि प्लेटच नसेल तर वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका.

दुसरा बदल तोंडाचा, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. फाट्यांची फांदी आत जाईना म्हणून लोक पुढचा लांब पत्रा ग्राइंडरनं कापून टाकतात. मग हात पात्यापासून दीड फुटावर येतो. हिशेब करा. २१६० फेरे, दोन पाती, दर घावाला एक सेंटिमीटर ढलपी. मिनिटाला ४३ मीटर, म्हणजे सेकंदाला ७२ सेंटिमीटर फांदी आत खेचली जाऊ शकते. हात तीन फुटांवर असेल तर सोडायला सव्वा सेकंद मिळतो. दीड फुटावर असेल तर अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. फाट्यात बाही अडकली तर तेवढ्या वेळात 'आई गं' सुद्धा म्हणून होत नाही.

कुट्टीत बोटं गेलेला माणूस गावोगाव भेटतो. मळणी यंत्रात हात जायला लागले म्हणून तर संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या भारतीय मानकात पेंढी सारायचं तोंड कमीत कमी ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातलं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं हवं असं आहे. चिपरला हेच माप धरा. तोंड आखूड नाही, रुंद करायचं. बाहेरच्या बाजूला दोन-अडीच फूट पसरट, आत निमुळतं, वरून झाकलेलं. फाटे त्या पत्र्यावर आपोआप दाबले जातात. मोठे फाटे आधी कोयत्यानं मोडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. तोंडाजवळ हाताला लागेल असं लाल बंद बटण बसवून घ्या, हा खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात कामाचा.

पात्यांचं सांगायचं तर ट्रकच्या पाट्याचं पातं ठोकून घेऊ नका. पाणी नीट बसलं नाही तर ते वाकतं नाहीतर तुकडा उडतो. एचसीएचसीआर पोलादाची पाती उद्यमनगरात पाणी देऊन मिळतात. जोडीनंच बदला, सोनाराच्या नाहीतर किराणा काट्यावर दोन्हींचं वजन सारखं करून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्यापेक्षा मोठा आकडा हवा. फिरतं पातं आणि खालचं स्थिर पातं यांत एक-दीड मिलिमीटर फट ठेवा. मोजायला हॅक्सॉची दोन पाती एकावर एक ठेवून दातांच्या उलट्या बाजूनं घालून बघा. फट वाढली की साल तुटत नाही, चामड्यासारखी लोंबते आणि तोंड तुंबतं. लोक म्हणतात इंजिन कमी पडतंय, खरं तर धार गेलेली असते.

धार घालवणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडं हमखास असतात. एक, चिखलातून ओढत आणलेली फांदी. दुसरी, कुंपणाचं गिरीपुष्प. त्याच्या खोडात काटेरी तार आणि खिळे इतके आत गेलेले असतात की वरून दिसतही नाहीत. कुंपणाच्या खांबाचा वरचा शेंडाच तेवढा घ्या. छाटलेला माल ओला असतानाच, चार-आठ दिवसांत बारीक करा. वाळला की पाती आणि डिझेल-पेट्रोल दोन्ही खातो.

चालवताना दोघं असा. अंगात घट्ट बाह्या, गळ्यात मफलर-टॉवेल नको, बायका काम करत असतील तर पदर खोचलेला आणि मशीनपासून लांब. शेवटचा तुकडा हातानं किंवा पायानं नाही, दुसऱ्या फांदीनं ढकला. तुंबलं तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत विडी-तंबाखू काय असेल ते करा. बंद केल्यावरही जड चकती बराच वेळ फिरत राहते.

अनुदानाचा विचार असेल तर महाडीबीटीवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. उलटं केलं तर पैसे मिळत नाहीत. मशीनचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून गल्लीत जोडलेलं मशीन तिथं चालत नाही. माझ्या मते दोन-तीन एकरवाल्यानं एकट्यानं घेऊच नये. वर्षात वीस-पंचवीस तासांचं काम, चार भावकीत मिळून एक पुरतं.

निघालेल्या ढलप्या नारळ, आंब्याच्या आळ्यात तीन-चार इंच जाडीनं अंथरा, बुंध्याला चिकटवू नका. मातीत गाडू तर अजिबात नका, कच्चं लाकूड कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं. मुक्त गोठ्यात खाली पसरल्या तर मूत शोषून घेतात आणि पुढं शेणात कुजून चांगलं खत होतं.

फांद्या छाटणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते. विजेच्या तारेला टेकलेली फांदी असेल तर कोयता खाली ठेवा आणि १९१२ ला फोन करून लाईन बंद करून घ्या.