भाजलेला शिंगाडा : द्रव्य एक, विचार आठ

दसरा उलटला की वर्ध्याच्या बाजारात शिंगाड्याच्या टोपल्या दिसू लागतात. हिरवे-तांबूस कच्चे शिंगाडे एका बाजूस आणि उकडून काळे झालेले दुसऱ्या बाजूस, अशी त्यांची मांडणी असते. कार्तिकी एकादशीच्या सुमारास या टोपल्यांभोवती गर्दी वाढते. गेल्या हिवाळ्यात परदेशी स्थायिक झालेले एक स्नेही सेवाग्रामला आले असता त्यांनी तिकडील भाजलेल्या चेस्टनटचे एक पाकीट आम्हांस भेट दिले आणि सहज विचारले, "वैद्यराज, हा आपला शिंगाडाच ना?" उत्तर सोपे वाटले, तरी ते देताना आम्हांस आमच्याच चिकित्सेतील एक जुनी चूक आठवली. ती चूक व तिच्यातून मिळालेला बोध वैद्यबंधू-भगिनींसमोर ठेवावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

द्रव्यपरिचय

पाश्चात्त्य देशांत हिवाळ्यात रस्त्यांवरील गाड्यांवर भाजून विकला जाणारा चेस्टनट हे ओकच्या कुळातील एका मोठ्या वृक्षाचे (कॅस्टानिया) फळ आहे. भारतात तो हिमालयाच्या थंड प्रदेशात तुरळक आढळतो. शिंगाडा म्हणजे शृंगाटक ही मात्र जलवनस्पती (ट्रापा) असून तिचा त्या वृक्षाशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. कठीण साल आणि आत पांढरा पिठूळ गर, या साम्यामुळेच इंग्रजीत शिंगाड्यास 'वॉटर चेस्टनट' म्हटले गेले. त्याच नावाने डबाबंद स्वरूपात विकला जाणारा चिनी स्वयंपाकातील कुरकुरीत कंद हे तिसरेच द्रव्य होय. तो कंद आपल्या कशेरुकाच्या जवळचा आहे. नावांच्या या गोंधळात ग्रंथोक्त शृंगाटकाच्या जागी डबाबंद कंद वापरला जाऊ नये, एवढे भान ठेवावे.

आपल्या विदर्भात शिंगाड्याचे खरे माहेर म्हणजे भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडील तलाव. ज्यांना आज आपण माजी मालगुजारी किंवा 'मामा' तलाव म्हणतो, त्यांत ढिवर समाजाने मासेमारीसोबत शिंगाड्याची शेतीही पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. गळाभर थंड पाण्यात उतरून वेल उलटवीत, काटे चुकवीत एकेक फळ तोडावे लागते. काश्मीरच्या वुलर सरोवराकाठीही शिंगाडा हे केवळ उपवासाचे खाद्य नसून गरिबाचे धान्य राहिलेले आहे.

शास्त्रोक्त गुण

भावप्रकाशाने आम्रादिफलवर्गात शृंगाटकाचे वर्णन मधुर व कषाय रसाचे, शीत, गुरु, वृष्य आणि ग्राही असे केले आहे. ते पित्त, दाह व रक्तदुष्टी यांवर हितकर, परंतु वात व कफ वाढविणारे सांगितले आहे. चरक-सुश्रुतांनीही त्याचे गुरुत्व, शीतत्व व विष्टंभी स्वभाव नोंदविला आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी मासानुमासिक योग दिले आहेत. त्यांतील सातव्या महिन्याच्या योगात शृंगाटक, बिस, द्राक्षा, कशेरु, मधुक व सिता ही द्रव्ये येतात. या शेवटच्या नावाकडे, म्हणजे साखरेकडे, वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे कारण स्पष्ट होईल.

उपवासाचा पदार्थ म्हणून शिंगाडा 'हलका' असा लोकांचा समज असतो. शास्त्र मात्र त्यास गुरु म्हणते. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पोटफुगी व मलावष्टंभ घेऊन येणारे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहेत. त्यांत साबुदाण्याचा वाटा असतो, तसा शिंगाड्याच्या शिऱ्याचाही असतो.

भर्जनसंस्कार

संस्काराने गुरु द्रव्य लघु होते, हा चरकाचा सिद्धांत आहे. व्रीहीपासून लाह्या होतात आणि त्या पचण्यास हलक्या ठरतात, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. शिंगाड्यासही हा न्याय लागू पडतो. कच्चा शिंगाडा खाणाऱ्यास होणारा आध्मान भाजलेल्या शिंगाड्याने बहुधा होत नाही, असा आमचा अनुभव आहे. अग्निसंस्काराने जलीय अंश घटतो, पिष्टाचे कण फुटतात आणि पाचकस्रावांचे काम सुकर होते.

भाजण्याचे दुसरेही एक मोठे कारण आहे. कच्च्या शिंगाड्याच्या सालीस चिकटून फॅसिओलोप्सिस बुस्की या आंत्रकृमीच्या सूक्ष्म अवस्था पोटात जाऊ शकतात. बिहार-उत्तर प्रदेशाच्या काही भागांत हा विकार आढळलेला आहे. साल दातांनी सोलण्याची सवय यात विशेष घातक ठरते. उकडण्याने वा नीट भाजण्याने या अवस्था नष्ट होतात. म्हणून बालकांस व गर्भिणीस कच्चा शिंगाडा देऊ नये, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. मात्र तलावात सांडपाणी वा कारखान्यांचे पाणी मिसळत असेल तर त्यातील जड धातू भाजूनही जात नाहीत. अशा तलावाचा माल टाळणे, हाच तेथे उपाय.

पोषणमूल्य

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम ताज्या गरात सुमारे 115 किलोकॅलरी ऊर्जा, 4.7 ग्रॅम प्रथिने, 23 ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम 0.3 ग्रॅम स्निग्धांश असतो. वाळलेल्या शिंगाड्यात हेच आकडे सुमारे 330 किलोकॅलरी, 13.4 ग्रॅम प्रथिने व 69 ग्रॅम कर्बोदके असे होतात. साबुदाण्यात 100 ग्रॅममागे प्रथिने अवघी 0.2 ग्रॅम असतात. हे पाहता उपवासाच्या ताटात साबुदाण्यापेक्षा शिंगाडा निःसंशय श्रेष्ठ ठरतो. भाजलेल्या परदेशी चेस्टनटमध्ये 100 ग्रॅमला सुमारे 245 किलोकॅलरी व 53 ग्रॅम कर्बोदके असतात. तात्पर्य, बदाम-अक्रोडांप्रमाणे स्नेहप्रधान नसून पिष्टप्रधान असणे, हेच या दोन परक्या फळांतील खरे नाते आहे. दोहोंत ग्लुटेन नाही. त्यामुळे गहू न सोसणाऱ्या रुग्णांस दोन्ही चालतात.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी सेवाग्रामजवळच्या एका खेड्यातील प्रथमगर्भा स्त्री आमच्याकडे आली. सातवा महिना नुकताच लागला होता. अंगात दाह, भूक बेताची, वजन हवे तसे वाढत नव्हते. शास्त्राधार समोर असल्याने आम्ही निःशंकपणे शिंगाडा सुचविला. किती, कशासोबत व किती दिवस, हे मात्र सांगितले नाही. घरी सासूबाईंनी कौतुकाने रोज सकाळी वाटीभर शिरा करून घालण्यास सुरुवात केली. जेवण नेहमीचेच होते. त्यात ही भर पडली.

तीन आठवड्यांनी रुग्णालयात 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेल्या तपासणीत दोन तासांनंतरची रक्तशर्करा 168 आली. 140 वा त्याहून अधिक आकडा गर्भिणी-मधुमेहाचा निदर्शक मानला जातो. सासूबाई अहवाल घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर शिंगाडा सांगितला होता," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच ते वाक्य आम्हांस अधिक लागले.

हा विकार शिऱ्यामुळे झाला, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. अपरेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचे कार्य मंदावते, हे त्याचे मूळ कारण. परंतु ज्या काळात शरीर शर्करेचा भार पेलण्यास असमर्थ होत होते, नेमक्या त्याच काळात तो भार आम्ही वाढविला, हे नाकारता येत नाही. गर्भिणी-मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत व पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. सुश्रुतोक्त सातवा महिना आणि हा काळ बहुतांशी एकच आहे.

मागाहून आम्ही त्या शिऱ्याचा हिशेब मांडला. 50 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम तूप. ऊर्जा सुमारे 635 किलोकॅलरी आणि कर्बोदके सुमारे 84 ग्रॅम. ज्या तपासणीत 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन शरीराची परीक्षा घेतली जाते, तिच्या तोडीचा भार ती माउली रोज सकाळी उचलीत होती.

आठांपैकी एकच

चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितला आहे : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. आम्ही केवळ प्रकृती, म्हणजे द्रव्याचा स्वभाव पाहिला. करण म्हणजे संस्कार, संयोग म्हणजे साखर-तुपाची जोड, राशी म्हणजे प्रमाण आणि उपयोक्ता म्हणजे ती गर्भिणी, या चार गोष्टी आमच्या नजरेतून सुटल्या. ग्रंथाचा यात दोष नाही. ग्रंथातील एक ओळ पाहून उरलेला ग्रंथ मिटून ठेवणाऱ्या वैद्याचा दोष आहे.

येथे आणखी एक भ्रम दूर करणे अगत्याचे वाटते. भाजल्याने शिंगाडा पचनास लघु होतो, याचा अर्थ तो मधुमेह्यास मुक्तपणे चालतो, असा नव्हे. उलट शिजलेले पिष्ट लवकर पचते, म्हणूनच ते रक्तात शर्करारूपाने लवकर उतरते. 'लघु' हा अग्नीच्या संदर्भातील शब्द आहे. रक्तशर्करेचा हिशेब स्वतंत्रपणेच करावा लागतो.

त्या स्त्रीचे उपचार रुग्णालयातील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. आम्ही शिरा बंद केला. सकाळच्या पोळीऐवजी, तिच्या जोडीला नव्हे, चार-पाच भाजलेले शिंगाडे व वाटीभर ताक अशी योजना तज्ज्ञांच्या संमतीने केली. जेवणानंतर शतपावली सांगितली. दोन आठवड्यांनी जेवणोत्तर दोन तासांची रक्तशर्करा 120 च्या आत आली, त्यामुळे औषधाची गरज भासली नाही. ती तशी आली नसती तर औषध वा इन्शुलिन आवश्यकच होते. तेथे शिंगाड्याचा आग्रह धरणे हा अपराध ठरला असता.

पाककृती

1. भाजलेले शिंगाडे : ताजे शिंगाडे स्वच्छ धुऊन प्रत्येकाच्या सालीस सुरीने चीर द्यावी, अन्यथा आतील वाफेने ते फुटून उडतात. निखाऱ्यांवर किंवा लोखंडी कढईत झाकण ठेवून, मधून मधून हलवीत पंधरा-वीस मिनिटे भाजावे. साल काळी पडून चीर उघडली व गर पिवळसर झाला की उतरवावे. कोमट असतानाच सोलून सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड व लिंबू लावावे. जिरे व सैंधव विष्टंभ टाळण्यास साहाय्य करतात.

2. पेज : चार चमचे (सुमारे 20 ग्रॅम) शिंगाड्याचे पीठ मंद आचेवर कोरडेच खमंग भाजावे. दीड कप पाण्यात कालवून, चिमूटभर सुंठ व सैंधव घालून शिजवावे. अतिसारानंतर अग्नी मंद असता ही उत्तम ग्राही पेज होते. मलावष्टंभ असलेल्यांस देऊ नये.

3. थालीपीठ : पीठ, किसलेला दुधी, थोडा दाण्याचा कूट, जिरे, मिरची व सैंधव एकत्र करून कोमट पाण्याने मळावे. ग्लुटेन नसल्याने पीठ तुटते, म्हणून ओल्या फडक्यावर थापून तव्यावर सोडावे. दुधीमुळे पिठाचे प्रमाण आपोआप निम्म्यावर येते.

औषधालयमालकांसाठी

शिंगाड्याच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळलेले आढळते. चमचाभर पीठ पाण्याने घट्ट मळून तो गोळा वाहत्या पाण्याखाली चोळावा. शेवटी चिकट, ताणला जाणारा अंश हाती राहिला तर गव्हाची भेसळ समजावी. उपवास करणाऱ्याचा हा श्रद्धाभंग आहेच, शिवाय गहू न सोसणाऱ्या रुग्णास त्यापासून थेट अपाय होतो.

पीठ साठवून ठेवण्यापेक्षा वाळलेला अख्खा शिंगाडा ठेवावा व मागणीनुसार थोडा थोडा दळावा. दमट हवेत पिठास कीड व बुरशी लवकर लागते. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने आणि जे. सी. कुमारप्पांनी ताज्या, घरगुती दळणाचा पुरस्कार केला होता. शिंगाड्याच्या बाबतीत तरी तो विचार आजही तंतोतंत खरा आहे. आहार म्हणून पीठ विकताना 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी वा परवाना घ्यावा. मागणीपत्रात शृंगाटक, शृंगी (कर्कटशृंगी) व शृंगवेर (आले) ही नावे सुवाच्य व पूर्ण लिहावीत.

समारोप

आता आमच्याकडे गर्भिणी आली की शृंगाटकाचा उच्चार करण्यापूर्वी आम्ही रक्तशर्करेचा अहवाल मागतो. अहवाल नसेल तर प्रथम तपासणीस पाठवितो. शिंगाडा लिहून देताना संख्या, संस्कार आणि कशाऐवजी खावयाचा, या तीन गोष्टी चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहितो व सोबत आलेल्या सासूस वा आईस वाचून दाखवितो, कारण स्वयंपाकघरातील उपयोगसंस्था त्यांच्याच हाती असते.

परदेशी स्नेह्यांस आम्ही उत्तर दिले की, हा शिंगाडा नव्हे, पण भाजून, मोजून आणि साखरेवाचून खावा, हा नियम दोघांनाही सारखाच. वैद्यबंधूंनी आपापल्या भागातील अनुभव कळविल्यास या चर्चेस पूर्णता येईल.