स्वमग्नतेची तपासणी : घरातून निघण्यापूर्वी

दुकानाच्या गादीवर बसलेला तीन वर्षांचा नातू धाग्याची रिळे रंगांनुसार ओळीने मांडतो. एखादे रीळ कोणी हलवले तर आकांत करतो. मात्र आजोबांनी नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. आजी म्हणते, “त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते.” आईच्या मनातली शंका ओठांवर येते आणि तिथेच थांबते. असे चित्र आपल्या समाजातील कितीतरी घरांत दिसते. पुढे वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि शाळेतून निरोप आला की धावपळ सुरू होते.

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम हा मेंदूच्या विकासातील वेगळेपणा आहे. तो आईच्या संगोपनातील उणिवेमुळे होत नाही, तसेच घरात मारवाडी किंवा गुजराती आणि बाहेर मराठी बोलल्यामुळेही होत नाही. रक्ताच्या चाचणीने वा मेंदूच्या छायाचित्राने त्याचे निदान करता येत नाही. मुलाचे निरीक्षण आणि कुटुंबाने सांगितलेली हकिकत यांवरच निदान उभे राहते. म्हणून खासगी केंद्रात जाणाऱ्या पालकांनी पैशांच्या तयारीइतकीच खऱ्या माहितीची तयारी करणे अगत्याचे आहे.

प्रथम कोणाकडे जावे? विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे या कामाचे अधिकारी जाणकार होत. अनेक केंद्रांत वाचा-उपचारतज्ज्ञही सोबत असतात. मानसशास्त्रज्ञांची आणि वाचा-उपचारतज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. एकूण शुल्क किती, त्यात लेखी अहवाल धरलेला आहे का, अहवाल समजावून सांगण्याची स्वतंत्र बैठक होईल का आणि तो किती दिवसांत मिळेल, हे आधीच ठरवून घ्यावे. व्यापारात आपण जो चोखपणा पाळतो, तोच येथेही शोभतो.

बहुतेक ठिकाणी आधी श्रवणचाचणी करून घेण्यास सांगतात. ऐकू कमी येणारे मूलही हाकेला ओ देत नाही, म्हणून ही शंका प्रथम दूर करावी लागते. त्यानंतर पालकांशी सविस्तर बोलणे होते. गरोदरपण, जन्म, मान धरणे, चालणे, पहिला शब्द, बोटाने वस्तू दाखवणे, आलेले शब्द पुन्हा हरवणे अशा गोष्टी विचारल्या जातात. या तारखा ऐन वेळी आठवत नाहीत. जुने चलचित्रण, लसीकरणाचे पुस्तक आणि शिक्षिकेचे चार ओळींचे पत्र बरोबर असल्यास मोठी मदत होते.

मग मुलाशी खेळ होतो. साबणाचे फुगे, बाहुलीचा वाढदिवस, चित्रांचे पुस्तक असे त्याचे स्वरूप असते. मूल काय ‘येते’ ते दाखवते की नाही, यापेक्षा ते आनंदात दुसऱ्याला सामील करून घेते का, मदत कशी मागते, खेळ बदलला तर काय करते, हे तज्ज्ञ टिपतात. तेव्हा शेजारी बसून “नमस्कार कर, नवकार म्हणून दाखव” असा आग्रह धरू नये. काही चाचण्यांत खाऊ देण्याचाही भाग असतो. आपला आहारनियम आधी कळवून घरचा खाऊ न्यावा. मुलाच्या झोपेची आणि जेवणाची वेळ टाळूनच भेट ठरवावी.

भारतात ‘इसा’ नावाची मापनश्रेणी पुष्कळ वापरली जाते. तिच्यात सहा विभागांत चाळीस मुद्दे असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण देतात. एकूण गुण ७० किंवा त्याहून अधिक असल्यास स्वमग्नता मानली जाते व तिची तीव्रता ठरवली जाते. मात्र निव्वळ आकड्यावरून सुजाण तज्ज्ञ निर्णय देत नाहीत.

अनेकान्ताची शिकवण आपल्याला नवी नाही. वस्तूचे एकच अंग पाहणारा तिला पूर्ण ओळखत नाही. आईला घरातले मूल दिसते, शिक्षिकेला वर्गातले आणि आजोबांना दुकानातले. तज्ज्ञाला तर तासा-दोन तासांचेच मूल दिसते. या साऱ्या दृष्टी एकत्र आल्या तरच निदान खरे होते. म्हणून शक्य असल्यास आई-वडील दोघांनीही जावे. सणाच्या हंगामाचे कारण सांगून हा भार एकट्या आईवर टाकू नये.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. “मोठ्या मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल” या भीतीने काही घरांत अर्धी माहिती दडवली जाते, तर काही घरांत अहवाल कपाटात बंद होतो. दडवलेल्या माहितीवर चुकीचे निदान होते आणि बंद अहवालाने मुलाला काहीच मिळत नाही. कोवळ्या वयातच वाचा-उपचार व प्रशिक्षण यांचा लाभ अधिक होतो. गेलेली वर्षे कोणत्याही किमतीला परत विकत घेता येत नाहीत.

चांगल्या अहवालात केवळ नाव लिहिलेले नसते. मुलाची बलस्थाने, त्याच्या अडचणी, शाळेसाठी सूचना आणि पुढील उपचारांचा क्रम त्यात असतो. ‘आत्ताच सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असेही उत्तर मिळू शकते. ते प्रामाणिक उत्तर होय. तोवर सुचवलेले उपचार मात्र थांबवू नयेत. ‘पूर्ण बरे करतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. मूळपेशींच्या महागड्या उपचाराला स्वमग्नतेसाठी मान्यता नाही.

खासगी अहवाल म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही ध्यानी असावे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. परंतु प्रमाणपत्र शासनमान्य वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच मिळते. शालेय परीक्षेतील सवलती, शासकीय योजना आणि आयकरातील वजावट यांसाठी ते उपयोगी पडते. खासगी खर्च झेपत नसल्यास जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी.

अहवाल हाती आल्याच्या रात्री घरात शांतता पसरते. डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. पण सकाळी दुकान उघडते, तेव्हा गादीवर रिळे मांडणारे मूल कालचेच असते. आता ते रिळे का मांडते, हे मात्र घरातील माणसांना थोडे अधिक कळलेले असते. आजोबांनी त्या दिवशी हाक मारण्याऐवजी त्याच्याजवळ बसून एक रीळ त्याच्या ओळीत ठेवून पाहावे.