मध्यपटलाचा शल्यविशारद कोण?

लखनौच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अमौसी वसलेले आहे. शहराचा विमानतळ व एक मोठी औद्योगिक वसाहत याच परिसरात आहेत. येथून एकाच दिवशी तीन रुग्ण उपचारासाठी निघाले, अशी कल्पना करू. पहिले नुकतेच जन्मलेले अर्भक. दुसरा मालमोटारीच्या धडकेत जखमी झालेला कामगार. तिसरी कित्येक वर्षे छातीतील जळजळ सोसणारी वृद्धा. तिघांच्याही विकाराचे स्थान एकच, ते म्हणजे मध्यपटल. तरीही तिघांना एकाच शल्यविशारदाकडे पाठविणे योग्य होणार नाही. असे का व्हावे?

मध्यपटल किंवा श्वासपटल हा छाती व उदर यांना विभागणारा घुमटाकार, पातळ स्नायू होय. तो आकुंचन पावून खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा फुप्फुसांत शिरते. ही क्रिया दिवसाकाठी सुमारे २०,००० वेळा घडते. या पटलाच्या वर हृदय व फुप्फुसे, तर खाली यकृत, जठर व प्लीहा असतात. त्याला चालना देणाऱ्या मज्जातंतूंचा उगम मात्र दूर मानेत होतो. अशा रीतीने मध्यपटल ही शल्यशास्त्राच्या दोन प्रांतांमधील सीमा आहे. म्हणूनच विकाराचे कारण कळल्यावाचून शल्यविशारद ठरविता येत नाही.

प्रथम अर्भकाचा विचार करू. गर्भावस्थेत पटल पूर्णपणे जुळून आले नाही तर त्यात छिद्र राहते. सुमारे २,५०० ते ३,००० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. प्राग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ बोखडालेक यांनी १८४८ मध्ये त्याचे वर्णन केले. छिद्रातून आतडी छातीत शिरतात व फुप्फुसाची वाढ खुंटते. पूर्वी अशा बालकावर तत्काळ शस्त्रक्रिया करीत. आता आधी श्वसन व रक्ताभिसरण स्थिर करतात आणि मगच छिद्र बुजवितात, कारण खरा धोका अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांत असतो. म्हणून येथे बालशल्यविशारद हवा, आणि त्याच्याबरोबर नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभागही हवा. गर्भारपणीच दोष दिसून आल्यास बाळंतपण अशाच रुग्णालयात व्हावे, हे उत्तम.

दुसरा रुग्ण अपघाताचा. जखमेने फाटलेल्या मध्यपटलाचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे यांनी १५७९ मध्येच केले होते; परंतु हे निदान आजही निसटते. छातीत शिरलेले जठर क्ष-किरण चित्रात हवा वा द्रव साचल्यासारखे दिसू शकते, आणि घाईने छातीत नळी घातल्यास ती जठरातच घुसण्याचे भय असते. ताज्या दुखापतीत प्लीहा व यकृत यांनाही इजा झालेली असण्याचा संभव असल्याने शस्त्रक्रिया बहुधा उदरमार्गे करतात. हे काम आघातशल्यविशारदाचे. तेच छिद्र काही वर्षांनी ध्यानात आले, तर आतडी फुप्फुसाला चिकटलेली असू शकतात. मग वक्षशल्यविशारदाचे साहाय्य आवश्यक ठरू शकते.

वृद्धेच्या बाबतीत अन्ननलिकेसाठी असलेले पटलातील द्वार सैल होऊन जठराचा भाग वर सरकलेला असतो. अशा अनेक रुग्णांना औषधांनीच आराम पडतो. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती जठर व आतड्यांच्या शल्यविशारदाने दुर्बिणीतून करावी. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची रुडॉल्फ निसेन यांची पद्धती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली व ती आजही वापरात आहे. याउलट मज्जातंतू निकामी होऊन पटल लुळे पडले असेल, तर पुष्कळदा काही महिने वाट पाहतात. धाप कायम राहिल्यास वक्षशल्यविशारद पटलाला चुण्या घालून ते ताणून घेतात.

अमौसीच्या रहिवाशांना ही निवड शहरातच करता येते. १९११ मध्ये सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आज विद्यापीठ असून त्याचे आघात केंद्रही आहे. रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था १९८३ च्या कायद्याने स्थापन झाली. दोन्ही ठिकाणी बालशल्य व जठरांत्रशल्य हे स्वतंत्र विभाग आहेत.

अपघातात निवड करीत बसण्यास वेळ नसतो. जवळचे सुसज्ज आघात केंद्र गाठणे हेच श्रेयस्कर. परंतु जेथे अवधी आहे तेथे कुटुंबाने संकोच न करता विचारावे : विकाराचे कारण निश्चित झाले आहे काय? शस्त्रक्रिया छातीतून होणार की उदरातून, आणि का? अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? गरज पडल्यास पटलाच्या पलीकडील बाजूचा तज्ज्ञ याच रुग्णालयात मिळेल काय? जाणता शल्यविशारद या प्रश्नांनी रुष्ट होत नाही. सीमेवरचे काम एकट्याने होत नसते, हे तो जाणून असतो.