वास सालीचा, आंबटपणा कुणाचा?

दोस्तांनो, तुम्ही कितीही गुपचूप संत्रं सोला, धाकटं भावंडं "मलाही!" म्हणत हजर होतंच. त्याला कळतं कसं? चहाडी रस करतो म्हणाल, तर तो अजून फोडींच्या आत बंद असतो. चहाडी करते ती साल!

साल जरा निरखून बघा. तिच्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात ना? त्या आहेत तेलाच्या इवल्याशा पिशव्या. साल दुमडली की त्या फुटतात आणि तेलाचा फवारा उडतो. (डोळ्यांपासून लांब बरं का, फार झोंबतं!) या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं लिमोनीन. त्याची करामत बघायचीय? रबरी फुगा चांगला टम्म फुगवा आणि ताज्या सालीचा फवारा त्यावर उडवा. फट्! लिमोनीनमुळे रबर विरघळू लागतं. आता दुसऱ्या फुग्यावर फोडीतला रस टाका. फुगा आपला जागच्या जागी! मात्र हे तेल पेट घेतं, म्हणून प्रयोग गॅस आणि मेणबत्तीपासून दूर करा.

लिंबाच्या सालीतही लिमोनीन असतंच. मग तिचा वास वेगळा का? कारण तिच्यात सिट्राल नावाचा आणखी एक पदार्थ असतो. हाच सिट्राल गवती चहात भरपूर असतो. आजीच्या चहात लिंबू न पिळताही लिंबाचा वास येतो, तो त्यामुळेच.

सालीच्या आतला पांढरा भाग मात्र कडू. आई केकमध्ये साल किसून घालत असेल, तर किसणी वरच्या रंगीत भागावरच थांबवायला सांगा.

आता रसाकडे वळू. रस म्हणजे बहुतेक पाणीच, त्यात थोडी साखर आणि सायट्रिक आम्ल. स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शील यांनी १७८४ साली लिंबाच्या रसातून या आम्लाचे स्फटिक वेगळे काढले. आपल्या स्वयंपाकघरातलं लिंबूफूल ते हेच. पण गंमत ऐका, आजच्या लिंबूफुलात बहुधा लिंबाचा थेंबही नसतो! कांद्याच्या सालीवर काळी बुरशी दिसते ना, त्याच जातीची बुरशी साखरेच्या पाकात किंवा मळीत वाढवतात आणि ती हे आम्ल तयार करते. १९१७ साली अमेरिकेत जेम्स करी यांनी ही युक्ती दाखवून दिली. एवढी लिंबं पिळण्यापेक्षा बुरशीला कामाला लावणं स्वस्तच की!

म्हणजे वास एकीकडचा, आंबटपणा दुसरीकडचा, शिवाय साखर आणि रंग. झालं 'संत्र्याच्या चवीचं' पेय! आता घरातली एखादी बाटली घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. 'आम्लता नियामक ३३०' असं दिसलं, तर ते आपलं लिंबूफूलच. त्याने कुणाला अपाय होतो असं नाही. पण क जीवनसत्त्व ना लिंबूफुलात असतं, ना सालीच्या तेलात. ते फळाच्या रसात असतं. बाटलीत रस किती टक्के आहे, तेही तिथेच शोधा. आईबाबांनाही वाचायला लावा, चष्मा लागेल कदाचित!

आणि घरी मोसंबीचा रस काढलात, तर लगेच पिऊन टाका. रसातला एक बेचव पदार्थ आंबटपणामुळे हळूहळू कडू होत जातो. तासाभराने मग साखर घालूनही तो कडवटपणा नीट जात नाही.