कीटकांकडे पाहायला शिकवणारे माहितीपट

काही वर्षांपूर्वी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या एका गावात, कपाशीवरील किडींची ओळख करून देणारी चित्रफीत मी दाखवली होती. साठ-सत्तर शेतकरी जमले होते. कार्यक्रम उत्तम झाला, अशा समाधानात मी मुक्कामी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण शेतकरी कपाशीचे पान घेऊन आला. ‘‘मॅडम, ही बघा कालच्या पिक्चरमधली अळी. पहाटेच अर्ध्या एकरावर फवारा मारून आलो.’’ पानावर ढालकिड्याची अळी होती. काळपट अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मावा फस्त करून पिकाची राखण करणारी. माझ्या चित्रफितीत ती कोठेच नव्हती. वीस मिनिटांत मी केवळ शत्रूकीटक दाखवले होते, मित्रकीटक एकही दाखवला नव्हता. त्यामुळे पानावर दिसणारी प्रत्येक अळी शत्रूच, हा निष्कर्ष त्याने काढला. त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

तेव्हापासून गावात दाखवण्यासाठी माहितीपट निवडताना मी एकच कसोटी लावते: हा माहितीपट पाहून प्रेक्षक उद्या शेतात अधिक वेळ थांबेल काय? या कसोटीला उतरलेल्या पाच कलाकृतींचा परिचय विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी यांच्यासाठी येथे करून देत आहे.

घाईची किंमत

पहिला माहितीपट ऑस्ट्रेलियातील आहे. मार्क लुईस यांचा ‘केन टोड्स : अॅन अननॅचरल हिस्टरी’ १९८८ साली प्रदर्शित झाला. क्वीन्सलँड प्रांतातील उसाची मुळे भुंगेऱ्यांच्या अळ्या कुरतडत होत्या. त्यावर उपाय म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून केन टोड जातीचे सुमारे शंभर मोठे बेडूक आणण्यात आले आणि त्यांची पैदास करून ते उसाच्या फडांत सोडण्यात आले. हेतू चांगला होता. मात्र बेडूक आणि भुंगेरा यांची गाठ पडणार कोठे आणि केव्हा, हा साधा प्रश्न नीट तपासला गेला नाही. अळी जमिनीखाली राहते आणि भुंगेरा उंचावर पाला खातो. जमिनीवर उड्या मारणाऱ्या बेडकाच्या आवाक्यात दोन्ही नव्हते. बेडकांनी भुंगेरे सोडून इतर असंख्य जीव खाल्ले आणि बेसुमार वाढले. त्यांच्या अंगातील विषामुळे त्यांना खाणारे साप, घोरपडी आणि अन्य स्थानिक प्राणी मात्र मेले. वॉल्टर फ्रॉगॅट या कीटकशास्त्रज्ञाने तेव्हाच धोक्याचा इशारा दिला होता. परंतु तो फार काळ मानला गेला नाही.

हा माहितीपट विनोदी ढंगाचा आहे. लोक हसतात आणि हसता हसता गंभीर होतात. ऊस पट्ट्यात तो दाखवला, की चर्चा आपोआप हुमणीकडे वळते. आपल्याकडील हुमणीही जमिनीखाली मुळे खाते आणि वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे सायंकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. त्या थोड्या दिवसांत फांद्या हलवून किंवा प्रकाश सापळे लावून भुंगेरे गोळा केले, तर पुढील पिढी बरीच रोखता येते. कीड आयुष्याच्या कोणत्या अवस्थेत कोठे असते, हे ठाऊक असले की उपायाची वेळ ठरवता येते. बेडूक सोडणाऱ्यांनी नेमका हाच विचार केला नव्हता.

येथे एक सावधगिरी बाळगावी. हा माहितीपट पाहून ‘जैविक नियंत्रण धोक्याचे’ असा समज होऊ देऊ नये. आपल्या देशात २००८ साली पपईवरील पिठ्या ढेकूण प्रथम आढळला. २०१० साली त्याचा परोपजीवी कीटक परदेशातून आणून, आवश्यक चाचण्यांनंतरच शेतात सोडण्यात आला आणि या किडीला चांगला आळा बसला. दाखल्यांच्या या जोडीतून परीक्षणाचे मोल शेतकऱ्यांना लगेच पटते.

भाषेची अडचण नसलेला माहितीपट

‘मायक्रोकॉसमॉस’ हा १९९६ सालचा फ्रेंच माहितीपट क्लोद न्युरिदसानी आणि मारी पेरेनू या जोडीने केला. एका माळरानावरील कीटकसृष्टी त्यात जवळून चित्रित केली आहे आणि निवेदन जवळजवळ नाहीच. त्यामुळे कोणत्याही भाषिक प्रदेशात तो चालतो. मावा टिपणारा ढालकिडा आणि त्याच्यावर धावून जाणारी मुंगी हे दृश्य अवश्य थांबवून दाखवावे. मुंगी माव्याला का राखते, हे प्रेक्षकांनाच विचारावे. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकट द्रव मुंगीला हवा असतो, हे उत्तर बहुधा एखाद्या अनुभवी शेतकऱ्याकडूनच येते.

डेव्हिड अॅटनबरो यांची ‘लाइफ इन द अंडरग्रोथ’ ही बीबीसीची मालिका २००५ सालची. तिच्या पाच भागांपैकी चौथा भाग, जीवांच्या परस्परसंबंधांवरील, आपल्या कामाचा. परोपजीवी कीटक दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात आपली अंडी कशी घालतो, हे त्यात पडद्यावर दिसते. ट्रायकोकार्डवरील बारीक काळे ठिपके पाहून ‘यातून काय होणार’ असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला, नजरेला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाशीची ताकद पटवायला हा भाग उपयोगी पडतो.

शेजारधर्म

‘हनीलँड’ हा २०१९ सालचा उत्तर मॅसिडोनियातील माहितीपट. दिग्दर्शक तमारा कोटेव्स्का आणि ल्युबोमिर स्टेफानोव्ह. ऑस्करसाठी त्याला दोन विभागांत नामांकन मिळाले होते. ओसाड गावात वृद्ध आईसोबत राहणारी हातिजे ही स्त्री मध काढताना निम्मा माश्यांसाठी ठेवते. शेजारी एक मोठे कुटुंब येते. तेही मधमाश्या पाळू लागते. व्यापाऱ्याच्या तगाद्यापुढे ते नमते आणि पोळ्यांतील मध माश्यांपुरताही न ठेवता काढून घेते. मग त्यांच्या माश्या हातिजेच्या वसाहतींवर तुटून पडतात आणि तिचे सारे उद्ध्वस्त होते.

या कथेत कोणी खलनायक नाही. त्या शेजाऱ्याला पदरी पुष्कळ मुले आहेत आणि डोक्यावर कर्ज आहे. आपल्या प्रेक्षकांना तो माणूस परका वाटत नाही. एकाच्या बांधावरील निर्णय दुसऱ्याच्या शेतात उतरतो, ही गोष्ट मी अनेक बैठकांत सांगितली आहे. परंतु या माहितीपटाइतकी ती कधी पोचली नाही. पिकावर फुले असताना भर दुपारी केलेली फवारणी किंवा हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी यांवर बोलण्यास याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

रात्रीची मोजणी

‘नॉक्टर्न्स’ हा अनिर्बान दत्ता आणि अनुपमा श्रीनिवासन यांचा माहितीपट २०२४ साली सनडान्स महोत्सवात गौरवला गेला. अरुणाचल प्रदेशातील जंगलात वेगवेगळ्या उंचीवर पांढरे कापड टांगून, त्यावर प्रकाश पाडून पतंगांची नोंद घेणारी संशोधक मानसी आणि तिचा स्थानिक सहकारी बिकी यांचे काम त्यात दिसते. गती अतिशय संथ आहे. गावात तो संपूर्ण दाखवण्याचा आग्रह धरू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी स्वतः मात्र तो संपूर्ण पाहावा. प्रकाश सापळ्यातील पतंग रोज मोजण्याचा कंटाळा कोणाला येत नाही? त्या कंटाळ्यातूनच विश्वासार्ह माहिती उभी राहते, हे येथे उमगते.

दाखवावे कसे?

एका वेळी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक दाखवू नये. त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत: हा जीव काय खातो? याला कोण खाते? अळी, कोष आणि प्रौढ या अवस्थांत तो कोठे असतो? शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन सर्वांनी शेतात जावे.

आदिलाबादच्या त्या गावात पुढील हंगामात मी पुन्हा गेले, तेव्हा हेच केले. तो तरुण या वेळीही पान घेऊन आला. फवारणी करण्याआधी विचारायला आला होता.