एका 'च्च'ची गोष्ट

आमचा भाचा दुबईला नोकरीला आहे. भाचीचा निकाह ठरला तेव्हा पंधरा दिवसांची सुट्टी मागायला तो आपल्या सीरियन सुपरवायझरकडे गेला. त्याने भुवया उंचावल्या, मान जराशी मागे नेली आणि जिभेने एकदाच 'च्च' केले. भाच्याला वाटले, बहिणीचे लग्न म्हटल्यावर बिचारा हळहळला, आता सुट्टी नक्की! त्याने तिकीट काढले. सुपरवायझरने तर तोंडावर 'नाही' म्हटले होते. सीरिया-लेबनॉनपासून तुर्कस्तानापर्यंत त्या एका 'च्च'चा अर्थ साफ नकार. तिकिटाचे पैसे बुडाले आणि बहिणीचा निकाह त्याने मोबाईलवर पाहिला.

आपण 'च्च' कधी करतो? कुणाचे मूल आजारी पडले, कुणाचे नुकसान झाले की. तेही एकदा नाही, दोन-तीनदा. जीभ तीच, आवाजही तोच.

कोंबड्याचेच पाहा ना. मराठीत तो 'कुकूचकू' करतो, उर्दूत 'कुकडूँ कूँ', फ्रेंचांच्या कानाला 'कोकोरिको', जपान्यांच्या कानाला 'कोकेकोक्को'. इंग्रजांनी तर 'कॉक-अ-डूडल-डू' असे गाणेच करून टाकले. यात कोंबड्याचा काय दोष? ज्याच्या जिभेवर जी अक्षरे, तीच त्याच्या कानात. जपानी कुत्रा 'वान वान' भुंकतो हे मुलांना जेवताना सांगू नका, घास तसाच राहील. आणि कोंबडा देतो ती 'बांग' मूळची फारसी. अर्थ हाक, पुकार. म्हणून मराठीत मशिदीतूनही बांगच होते.

आवाजातून शब्द घडवताना मात्र मराठी आणि अरबी एकाच वाटेने गेलेल्या दिसतात. आपण आवाज दुहेरी करतो: पानांची सळसळ, पाण्याची खळखळ, अंगाची थरथर. अरबीतही तसेच. जमीन हादरली की 'जलजला', मोठ्याने हसले की 'कहकहा'. सूरह नास पाठ असलेल्या आपल्या मुलांना 'वस्वास' शब्द ठाऊक असतो. त्याच्या मुळाशी आहे कुजबुज. हळूच म्हणून पाहा, त्यातला 'स' कानाशी कुणी पुटपुटल्यासारखाच लागतो.

उद्गारांच्या बाबतीत आपली घरे दोन्हीकडची. शाळेतून आलेले पोर ठेच लागली की 'आई गं' म्हणते, तेव्हा एखादे बुजुर्ग नाक मुरडतात. 'या अल्लाह' म्हणायला काय झाले, असे विचारतात. आम्हाला ते पटत नाही. आमच्या दादींचा हात मागे तव्याला लागला, तेव्हा एका दमात निघाले, "आई गं, या अल्लाह, मेले गं!" कुठले आधी म्हणायचे, हे त्यांनी ठरवले नव्हते.

भाचा या ईदला येणार आहे. या वेळी सुट्टी लेखी घेतली आहे, असे त्याने कळवले आहे.