दुकानातली चोरी : पर्याय शिक्षेला की खटल्याला?

दादरला रानडे रोडवर कुठल्याही दुकानात शिरा, कॅमेरा आपल्याकडे बघत असतो. पण चोरी करताना माणूस सापडला तर पुढे काय व्हावं, याचा विचार आपण सहसा करत नाही. समजा, एका बाईंनी १,८०० रुपयांचा ड्रेस पिशवीत टाकला आणि दारात त्या पकडल्या गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. आता काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनमोबदला.

हे ऐकून अनेकांना वाटतं, चला, सुटलो! इथेच गफलत होते. नीट बघा, कायदा ‘दोषी ठरला’ म्हणतो. सामुदायिक सेवा हा तुरुंगाला पर्याय आहे, खटल्याला नाही. गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद राहते आणि नोकरीच्या वेळी ती आडवी येऊ शकते.

मग खटल्यालाच पर्याय कोणता? पहिला, तडजोड. ३०३(२) चा गुन्हा मालाचा मालक कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवू शकतो. असं मिटवलं की कायद्याच्या दृष्टीने आरोपी निर्दोष सुटतो. मात्र हा अधिकार मालकाचा. मोठ्या दुकानात दारावरच्या वॉचमनचा नव्हे.

शिवाय ५,००० च्या आतली चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. आपल्या भाषेत, पोलीस ‘एनसी’ घेतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही.

पण एक मेख आहे. कलम ३०५ मध्ये राहत्या घरातल्या, तसंच माल ठेवण्याच्या इमारतीतल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुकानाला हे कलम लावलं गेलं, तर ‘एनसी’ नाही, तडजोड नाही, सामुदायिक सेवाही नाही. तोच ड्रेस, तीच किंमत! म्हणून कागदावर कुठलं कलम लिहिलंय, हे पहिल्याच दिवशी वकिलाला दाखवून घ्यावं.

तिथेही एक दार उघडं असतं. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. आधी शिक्षा झालेली नसेल, तर चोरीच्या गुन्ह्यात कोर्ट समज देऊन सोडू शकतं किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. असं सोडलं, तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही, असं कलम १२ सांगतं. कायदा जुना आहे, पण तो मागावा लागतो.

आरोपी अठरा वर्षांखालचा असेल, तर वाट वेगळी. साध्या चोरीत एफआयआर नोंदवत नाहीत. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. समज, समुपदेशन, समाजोपयोगी काम असे मार्ग तिथे आहेत.

आता दुकानदारांची बाजू. माल त्यांचा गेलाय, राग साहजिक आहे. पण गोदामात कोंडणं, मारणं, पोलिसांची भीती घालून दहापट ‘दंड’ उकळणं, हे पर्याय नव्हेत. त्यात दुकानदारच आरोपी होऊ शकतो. अमेरिकेत एक कंपनी दुकानात पकडलेल्यांना सांगायची : पैसे भरून आमचा सुधारणा-वर्ग करा, नाहीतर पोलीस. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने ती खंडणी ठरवली.

थोडक्यात, माल परत घ्या, बिलाएवढीच भरपाई घ्या आणि जे मिटवायचं ते लेखी, कायद्याच्या चौकटीत मिटवा. आणि आपल्या ओळखीत कोणी यात अडकलं, तर ‘कबूल कर, झाडू मारून सुटशील’ असा सल्ला देण्याआधी दोन प्रश्न विचारा : कलम कुठलं, आणि मालक तडजोडीला तयार आहे का? वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.